कोवळ्या वयातलं आईपण आणि चाळिशीतली दुखणी



माता रमाईंचा जन्म १८९८ चा. १९१२ मध्ये यशवंतराव जन्मले, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. पुढची चार लेकरं हाती लागली नाहीत. दीर्घ आजारानंतर २७ मे १९३५ ला रमाई गेल्या. वय अवघं ३७. लग्नाची घाई करू नका, असं बाबासाहेबांनी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बजावलं. तरीही २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या शंभर बायकांमागे जवळपास बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं.

उंबरमाळीपासून मुरबाडपर्यंतच्या वस्त्यांत सोळा-सतराव्या वर्षी आई झालेल्या बाया आज चाळिशीत आहेत. चक्कर येते, कंबर धरते, खोकल्यावर लघवी निसटते, अंग बाहेर येतं. त्या याला बाईचा भोग म्हणतात. आम्ही सांगतो, हा भोग नाही. अंगात रक्त कमी, पाठोपाठ बाळंतपणं आणि ओल्या अंगाने उचललेली ओझी, यांतून आलेलं हे दुखणं आहे. शाळा सुटली म्हणून मजुरी कमी, आणि दवाखान्यात जायचं तरी पैसे दुसऱ्याकडे मागायचे.

आता काय करायचं?

• सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या चहासोबत घेऊ नका.

• लघवी रोखताना आवळतो तो भाग आवळा, पाच मोजा, सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नका. अंग बाहेर येत असेल तर डॉक्टरांना दाखवा, लाजू नका.

• तिशीनंतर गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाची तपासणी करा. कमी वयात बाळंत झालेल्यांना हा धोका जास्त असतो.

• शाळा सुटलेल्या तरुण आईला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवा. तेवढा वेळ मूल सासूने सांभाळावं.

• अठराच्या आतली मुलगी गरोदर असेल तर पोलिसांच्या भीतीने घरात लपवू नका. आशाताईला सांगा, नाव नोंदवा, बाळंतपण दवाखान्यातच करा.

• वस्तीत बालविवाह ठरत असेल तर १०९८ वर फोन करा. फोन फुकट आहे.

आणि लेकीचं स्थळ पाहायला पाहुणे येतील, तेव्हा आपल्या दुखण्याबद्दल गप्प बसू नका. ते घरात मोठ्याने सांगा. ऐकणाऱ्यांत नवरा असू द्या, सासराही असू द्या.