करंट परत आला पाहिजे

बाबू, आयटीआय करून तू आलास तेव्हा तुझ्याकडे नवा डिजिटल मीटर होता आणि माझ्या पिशवीत दोन वायरी जोडलेला हेडलाइटचा जुना बल्ब. दोन्ही लागतात. पण मशीनजवळ पोचल्याबरोबर यातलं काहीच बाहेर काढायचं नाही. आधी ऑपरेटरजवळ बसायचं. मशीन चालता चालता बंद पडलं, की रात्री उभं केलं आणि सकाळी उठलंच नाही? काल बकेटच्या दाताला वेल्डिंग झालं का? प्रेशरच्या पाण्यानं धुतलं का? माझ्याआधी कोणी हात लावला? ऑपरेटर बहुतेक वेळा घरापासून दूर आलेला पोरगा असतो आणि मालकाच्या धाकानं अर्धं लपवतो. त्याच्यावर आवाज चढवू नकोस. त्याच्याबरोबर चहा घे. निम्मा फॉल्ट त्याच्या तोंडूनच बाहेर येतो.

माझे उस्ताद म्हणायचे, "करंट गेला कोठी ते सारेच पाहतात. तो वापस कोठून येते ते पाह्य." मी या धंद्यात जे काही शिकलो, त्याचं मूळ या एका वाक्यात आहे. जेसीबी असो की पोकलेन, बॅटरीच्या प्लसची वायर सेल्फपर्यंत, लाइटपर्यंत जाते. मायनसला मात्र वेगळी वायर फारशी नसते. इंजिन आणि चेसिसचं लोखंड हाच परतीचा रस्ता. प्लसची वायर लाल, जाडजूड, डोळ्यात भरणारी, म्हणून सगळे तिच्याच मागे लागतात. अर्थची पट्टी खाली चिखलात दडलेली असते, तिच्याकडे कोणी वाकून पाहत नाही.

दारव्ह्याच्या रस्त्याला एका शेतात शेततळ्याचं काम सुरू होतं. मे महिना होता. मशीन तीन दिवसांपासून उभं. चावी फिरवली की सेल्फ फक्त 'टक' करायचा. मालकानं नवी बॅटरी घातली होती, सेल्फ खोलून कार्बन बदलून आणले होते, तरी तेच. मी बॅटरीला मीटर लावला तर १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरलेली. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस टर्मिनलच्या शिशावर ठेवली, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि ऑपरेटरला चावी फिरवायला सांगितली. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत दिसायला पाहिजे. दिसले चारच्या वर. एवढे व्होल्ट परतीच्या रस्त्यातच अडकत होते, सेल्फला उरणार काय? तेवढ्यात ऑपरेटर म्हणाला, "चाचा, ॲक्सिलरेटरची केबल गरम लागते." हात लावून पाहिला, खरंच चटका बसला. आपला रस्ता बंद झाला म्हणून करंट त्या बारक्या केबलमधून परत जायला पाहत होता.

खाली वाकलो. इंजिन आणि चेसिस यांच्यामधली तांब्याची विणलेली पट्टी हिरवी पडली होती. बोल्टाजवळ तिचे तीन-चार धागेच शिल्लक होते. वरून कोणीतरी पिवळा रंगही मारून ठेवला होता. बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या लोखंडापर्यंत जंप केबल लावली आणि चावी मारली. पहिल्या फेरीत इंजिन सुरू. ती केबल तेव्हापासून पिशवीत असते. सेल्फ खोलण्याआधी हे दोन मिनिटांचं काम करायचंच, मालकाचे हजारो रुपये वाचतात.

त्या तीन-चार धाग्यांतूनही मीटरनं 'पीं' केलं असतं. कंटिन्युइटी म्हणजे वायर कुठेतरी जोडलेली आहे एवढंच. ती भार पेलते की नाही, हे भार टाकल्याशिवाय कळत नाही. म्हणून तो जुना बल्ब. वायरीच्या शेवटच्या टोकाला बल्ब लाव; भक्क पेटला तर वायर बरी, मिणमिणला तर मधे कुठेतरी खाल्लेली. उस्तादांचंच सांगणं, "वायरीले काम लाव, मंग सांग."

आपल्या भागात ही पट्टी लवकर का जाते, तेही समजून घे. इंजिन रबरावर बसलेलं, दिवसभर थरथरतं, पट्टी वाकत राहते. त्यात आपली काळी माती. पावसाळ्यात ती चेसिसच्या सांदीत चिकटते आणि आठ-आठ दिवस ओल धरून ठेवते. उन्हाळ्यात पीठ होऊन कपलरमध्ये शिरते. पट्टी नवी बसवताना दोन्हीकडचा रंग पॉलिश पेपरनं लोखंड चमकेपर्यंत घास, दातेरी वायसर टाक, बोल्ट आवळ आणि ग्रीस सगळ्यात शेवटी वरून लाव.

पावसाळा लागला की मातीकाम थांबतं आणि मशीन दिवाळीपर्यंत उभं राहतं. याच काळात उंदीर वायरिंगमध्ये घर करतात. मी सीटखालून कापसाच्या बोंडांचं अख्खं घरटं काढलंय. मग मशीन काढलं की फ्यूज उडतो. पुन्हा टाकला, पुन्हा उडतो. अशा वेळी मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार कधीच टाकायची नाही. वायरिंग पेटतं आणि त्या पिंजऱ्यात माणूस बसलेला असतो. फ्यूजच्या जागी बल्ब लाव. शॉर्ट असेपर्यंत तो फुल पेटेल. आता वायरिंग हातभर हातभर हलवत जा, कपलर एकेक काढत जा. ज्या जागी बल्ब मंद होईल किंवा विझेल, तिथली टेप उकल.

उभ्या मशीनची बॅटरी उतरते त्याचंही कारण शोधायला शीक. मायनसची वायर काढून मध्ये अँपिअरवर मीटर लाव आणि एकेक फ्यूज काढ. अर्धा अँपिअर गळत असेल तर दिवसाला बारा अँपिअर-तास जातात. शंभराची बॅटरी आठ-नऊ दिवसांत रिकामी. बहुतेक वेळा नंतर बसवलेला जीपीएस, टेप किंवा फोकस लाइट सरळ बॅटरीवरून घेतलेला सापडतो. पोकलेनवर तर आणखी एक पाप करतात. तिथे बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. टेप बारावर चालतो म्हणून मधूनच वायर घेतात. त्यानं एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी ओव्हरचार्ज होऊन पाणी उडवते, आणि दोन्ही मरतात. म्हणून पोकलेनवर प्रत्येक बॅटरी वेगळी मोज.

समृद्धी महामार्गाचं काम आपल्या शेजारच्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यातून गेलं तेव्हापासून मोठी मशीनं जवळून पाहायला मिळाली. त्यात एप्रिल २०२१ पासून चाकांच्या बांधकाम मशीनना बीएस-४ चे नियम आले आणि नव्या इंजिनांवर ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बसला. इथे माझा बल्ब चालत नाही, तुझा मीटर चालतो. सेन्सरच्या वायरीत पाच व्होल्ट असतात. तिथे बल्ब लावलास तर ईसीएम जाईल. डिस्प्लेवर चार सेन्सरचे कोड एकदम आले तर चारही विकत आणायला सांगू नकोस. चार सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत. बऱ्याचदा एकच शॉर्ट होतो आणि सगळ्यांचे पाच व्होल्ट ओढून बसतो. एकेक कपलर काढ. ज्या सेन्सरचा कपलर काढल्यावर पाच व्होल्ट परत येतील, तो खराब. कॅनच्या, म्हणजे ईसीएम आणि डिस्प्ले ज्यांवरून बोलतात त्या, दोन पिळलेल्या वायरी बॅटरी सोडवून मोज, साठ ओहम आले पाहिजेत. दोन टोकांना एकशे वीसचे दोन रेझिस्टर असतात म्हणून साठ. एकशे वीस दिसले तर एक टोक तुटलंय. आणि कोड कितीही आले तरी पहिली नजर बॅटरी आणि अर्थवरच टाक. व्होल्टेज पडलं की ईसीएमही भलतंच सांगतो.

बकेटचा दात वेल्ड करायचा असेल तर आधी बॅटरी सोडव, ईसीएमचे कपलर काढ आणि वेल्डिंगची अर्थ क्लिप दाताच्या शेजारीच लाव. ती लांब चेसिसला लावली तर वेल्डिंगचा करंट बेअरिंग आणि वायरिंगमधून वाट काढतो. चालू इंजिनवर बॅटरी कधी काढू नकोस, अल्टरनेटरचे डायोड उडतात. सोडवताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. नाहीतर प्लसवरचा पाना चेसिसला टेकला की ठिणगी पडते आणि बॅटरीवर साचलेला गॅस भडकतो. ऑपरेटरची बिडी आधी विझवायला लाव.

काम झालं की बॅटरीच्या झाकणाच्या आतून पेंटनं तारीख लिहीत जा. उभ्या मशीनचे व्होल्ट, सेल्फ मारतानाचे व्होल्ट, चार्जिंगचे व्होल्ट आणि अर्थमध्ये किती पडले, हे चार आकडे तिच्याखाली. त्या शेततळ्यावरच्या मशीनच्या झाकणात मी लिहिलेलं अजून आहे: १२.६, १०.८, १४.१, ०.२.