पिवळा फेस आणि बाजाराचा दिवस

सोनाळ्यात कुत्रं ओकलं की पहिला सल्ला गवताचा मिळतो. ‘खाऊ द्या गवत, वकलं का मोकळं होईन,’ असं शेजारी सांगतात आणि बरेचदा ते खरंही ठरतं. सातपुड्याच्या पायथ्याचं हे गाव, वर अंबाबरवाचं जंगल, खाली कपाशी आणि मका. इथलं गावठी कुत्रं उकिरड्यावर काहीबाही खातं, ओकतं आणि पुन्हा राखणीला बसतं. पंचाईत होते ती घरात वाढलेल्या, पाच-सहा किलोच्या जिवाची.

असाच एक टफी. जात इंडियन स्पिट्झ, 1994च्या ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीची, नावही तिथूनच आलेलं. सकाळी उठला की अंगणात पिवळा फेस टाकायचा. कधीमधी दुपारी जेवणही बाहेर यायचं. घरच्यांनी गवत दिलं, दूध दिलं, मग मेडिकलमधून माणसाच्या उलटीच्या गोळ्या आणल्या. चार दिवस बरं वाटायचं, की पुन्हा तेच. शेवटी पशुवैद्यकीय दवाखाना गाठला, तेव्हा डॉक्टरांनी औषधाआधी प्रश्न विचारले. जेवणानंतर किती वेळाने ओकतो? अन्न कच्चंच पडतं की पचलेलं? पोट आत ओढून ओकतो, की मान खाली घातली आणि पडलं? घरातल्या चौघांची चार उत्तरं होती.

तिसरा प्रश्न फार मोलाचा. ओकताना कुत्र्याच्या पोटाचे स्नायू जोराने आवळतात, आधी लाळ गळते, ते अस्वस्थ होतं. काहीच जोर न लावता, गिळलेलं तसंच्या तसं बाहेर आलं, तर दोष पोटाचा नसून अन्ननलिकेचा असू शकतो. दोन्हींची तपासणी वेगळी, उपचार वेगळे. मालकाने मोबाइलवर काढलेलं मिनिटभराचं चित्रीकरण इथे दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगतं.

तालुक्याच्या दवाखान्यात येणारे रुग्ण मुख्यतः गाई-म्हशी, बैल आणि शेळ्या. सोनोग्राफी, रक्ताच्या सविस्तर तपासण्या हव्या असतील तर तेल्हारा, अकोटमार्गे अकोल्याची वाट धरावी लागते. तिथे पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे. मोठी यंत्रं इतकी दूर असतील, तर मालकाने टिपून ठेवलेली माहिती हीच पहिली तपासणी ठरते. टफीच्या घरात शाळकरी मुलीच्या जुन्या वहीत तारीख, वेळ, रंग आणि त्याआधी काय खाल्लं, एवढंच लिहायला सुरुवात झाली.

वहीतून दोन वेगळी दुखणी निघाली. पिवळा फेस पहाटेच पडायचा, तोही आदल्या दिवशी संध्याकाळी लवकर जेवल्यावर. रिकाम्या पोटात पित्त उलटं चढलं की असं होतं. झोपण्यापूर्वी थोडा भात किंवा पोळीचा तुकडा देऊ लागल्यावर फेस थांबला. जेवणाच्या उलट्या मात्र बाजाराच्या दुसऱ्या दिवशी व्हायच्या. बाजाराच्या संध्याकाळी घरात मटण शिजायचं आणि चरबी, तर्री, हाडं टफीच्या ताटलीत जायची. पोळ्याला हे प्रमाण वाढलं आणि टफी पोट धरून, पाठीची कमान करून कोपऱ्यात बसला. अकोल्याच्या रक्ततपासणीत स्वादुपिंडाला सूज निघाली. तुपकट, चरबीयुक्त जेवण हे या सुजेचं नेहमीचं निमित्त आणि छोट्या जातींत ती बऱ्यापैकी आढळते. आपल्याकडे लाड म्हणजे तूप. कुत्र्याच्या बाबतीत हे समीकरण महागात पडतं.

मेडिकलमधल्या गोळीचा धोका वेगळाच आहे. उलटीच्या अशा गोळीतलं मेटोक्लोप्रामाइड आतड्याला अन्न पुढे ढकलायला लावतं. आतड्यात दाणे खाल्लेलं मक्याचं कणीस किंवा आंब्याची कोय अडकली असेल, तर हीच ढकलाढकली जिवावर बेतते. त्यात या दोन्ही वस्तू एक्स-रेत नेहमी स्पष्ट दिसत नाहीत. म्हणून ‘कोय गायब आहे’ हे वाक्य डॉक्टरांना सांगायलाच हवं, मग ती कोणाच्या हातून पडली याची चौकशी घरी होत राहो. पोट दुखतं म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या देण्याचा विचारही नको. त्यांनी कुत्र्याच्या जठराला जखमा होतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं.

स्वयंपाकघरातही काही शत्रू आहेत. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंडावर आघात करतात हे वीसेक वर्षांपासून माहीत आहे, पण कारण सापडत नव्हतं. 2021मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी टार्टरिक आम्लाकडे बोट दाखवलं. हे आम्ल चिंचेतही भरपूर असतं. त्यामुळे शिऱ्यातला बेदाणा आणि चिंचेचा कोळ, दोन्ही कुत्र्यापासून लांब ठेवलेले बरे.

कपाशीच्या मुलुखात विषाची शंका आधी घ्यावी. फवारणीच्या काही औषधांनी कुत्रं ओकतंच, शिवाय तोंडातून लाळेच्या धारा लागतात, अंग थरथरतं, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात. यावर अ‍ॅट्रोपिन चालतं, पण ते डॉक्टरांनीच द्यायचं. विष नेमकं कोणतं हे त्यांना कळावं, म्हणून फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली सोबत न्यावी. उंदरांसाठी ठेवलेलं झिंक फॉस्फाईड पोटात गेलं असेल तर ‘थोडं खाऊ घालू’ हा मोह घातक असतो, कारण जेवणाने जठरात आम्ल वाढतं आणि विषारी वायूही. तो वायू उलटीतूनही बाहेर पडतो. दारं-खिडक्या उघडून माणसांनीही लांब राहावं. मिठाचं पाणी पाजून ओकवण्याची जुनी युक्ती तर सरळ सोडून द्यावी. रक्तातलं मीठ वाढून लहान कुत्रं त्यानेच दगावू शकतं.

आणखी एक गोष्ट, उलटीसारखी दिसणारी. जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाही. घरच्यांना वाटतं घशात हाड अडकलं. ही रेबीजचीही लक्षणं असतात. तोंडात हात घालू नये. हात घातला गेलाच असेल, किंवा लाळ जखमेला लागली असेल, तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवून लगेच माणसांच्या दवाखान्यात जाऊन लस घ्यावी.

पिल्लांना वेळ फार कमी मिळतो. 1978मध्ये ओळख पटलेला पार्व्हो विषाणू उलट्यांसोबत रक्ताचे जुलाब घडवतो आणि पिल्लू बघता बघता कोरडं पडतं. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होणारी लस आणि तिचे पुढचे डोस हाच खरा बचाव. मोठ्या कुत्र्यांत गोचिडांचा ताप, मूत्रपिंडाचा आजार, उन्हाळ्यातला उष्माघात यांचीही सुरुवात उलटीने होऊ शकते. नसबंदी न झालेली मादी माजानंतर काही आठवड्यांनी ओकू लागली, पाणी जास्त पिऊ लागली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी.

थांबायचं कधी आणि निघायचं कधी? एकदा ओकलं, पण शेपटी हलतेय, पाणी टिकतंय, तर काही तास पोटाला विश्रांती द्यायला हरकत नाही. मात्र अगदी लहान पिल्लाला उपाशी ठेवू नये, त्याची साखर झपाट्याने उतरते. पाणीही टिकत नसेल, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही असेल, हिरड्या पांढुरक्या-चिकट झाल्या असतील, तर रात्र काढू नये. शासनाचा 1962 हा टोल-फ्री क्रमांक पशुवैद्यकीय मदतीसाठीच आहे.

टफीला आता मऊ भात आणि उकडलेल्या कोंबडीचे बिनहाडाचे, बिनमसाल्याचे तुकडे थोडे-थोडे करून दिवसातून चार वेळा मिळतात. बाजाराच्या संध्याकाळी त्याला मागच्या खोलीत बांधतात, आणि तो मटणाच्या वासाने यथेच्छ भुंकतो.