खोकणारा पॉमेरियन, धापणारी मांजर: पैसे नेमके कुठे जातात?

नगरच्या सावेडीतल्या फ्लॅटमधला पॉमेरियन असो की राहुरीकडच्या वस्तीवरची मांजर, खोकला महिनाभर हटला नाही की घरातले आधी विचारतात, औषधाला किती लागतील? खरं तर श्वासनलिकेच्या आजारात औषध हीच सर्वांत स्वस्त बाब आहे. पैसे जातात ते निदानात, पुण्याच्या फेऱ्यांत आणि अंदाजाने दिलेल्या गोळ्यांत. (पुढचे आकडे ढोबळ आहेत, दुकानागणिक, डॉक्टरांगणिक फरक पडेल.)

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नाममात्र शुल्कात तपासणी होते. पण तिथला बहुतेक दिवस गाई-म्हशींत जातो आणि एक्स-रेसाठी सहसा बाहेरच जावं लागतं. खासगी डॉक्टरांची फी 300 ते 500 रुपये, छातीच्या दोन बाजूंच्या एक्स-रेला 800 ते 1,500. इथे काटकसर करू नका. म्हाताऱ्या छोट्या कुत्र्याचा खोकला हृदयाचा असू शकतो, पॉमेरियनचा हंसासारखा कर्कश खोकला दबलेल्या श्वासनलिकेचा, आणि मान पुढे ताणून जमिनीलगत बसून खोकणाऱ्या मांजरीला दमा असू शकतो. आपण मात्र पोटातून केसांचा गोळा पडायची वाट पाहत राहतो. प्रत्येकाचं औषध वेगळं. पुणे 120 किलोमीटरवर, खासगी गाडीने जाऊन-येऊन 3,000 रुपये सहज संपतात. म्हणून एक्स-रे नगरमध्येच काढून त्याची फाइल आधी पुण्याच्या तज्ज्ञांना पाठवता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा.

आता औषध. दम्यात आणि जुनाट ब्राँकायटिसमध्ये मुख्य औषध स्टेरॉइडच. प्रेडनिसोलोनची पट्टी 20 ते 40 रुपयांत मिळते. मात्रा इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण ती वजनावर आणि आजारावर ठरते. गोळी सुरू झाली की तहान, भूक, लघवी वाढते. मांजरीत दीर्घकाळच्या वापराने मधुमेहाचा धोका असतो. औषध अचानक थांबवायचं नाही, डॉक्टर सांगतील तसं हळूहळू कमी करायचं.

वर्षानुवर्षं औषध लागणार असेल तर इनहेलरचा हिशेब मांडा. फ्लुटिकासोनचा 120 मात्रांचा इनहेलर साधारण 400 ते 500 रुपयांना पडतो. दिवसाला दोन मात्रा धरल्या तर 60 दिवस पुरतो, म्हणजे महिन्याला 200-250. मांजरींसाठीचा परदेशी स्पेसर (इनहेलर आणि मास्क यांच्यामधली पोकळ नळी) काही हजारांत जातो. लहान बाळांचा स्पेसर आणि मास्क 400 ते 700 रुपयांत मेडिकलमध्ये मिळतो आणि अनेक मांजरींना चालतो. मास्क तोंडा-नाकावर नीट बसवून सात ते दहा श्वास होऊ द्यायचे. आधी काही दिवस रिकामा मास्क लावून खाऊ दिला तर मांजर लवकर रुळते. परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून तोवर गोळ्या चालू ठेवतात. सालबुटामोलचा इनहेलर स्वस्त असला तरी तो झटक्यापुरताच. मांजरीला रोज दिला तर सूज वाढू शकते.

चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा, म्हणजे जनऔषधी केंद्रातही विचारता येईल. चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड घेऊ नका. घरातलं खोकल्याचं सिरप तर अजिबात नको: त्यात पॅरासिटामॉल असू शकतं आणि ते मांजरीला जीवघेणं ठरतं. डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल लिहिली असेल तर मांजरीला मागोमाग थोडं पाणी पाजा, नाहीतर कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून जखम करू शकते.

बिनखर्चाचे किंवा कमी खर्चाचे उपायही आहेत. गळपट्टा काढून छातीचा पट्टा लावा, त्याला 300-400 रुपये पुरतात. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल जनावराच्या खोलीत नको. शेजारी उसाचं पाचट पेटवत असतील तेव्हा दारं-खिडक्या लावून घ्या. वजन कमी केल्याने खोकणाऱ्या लठ्ठ कुत्र्याला बराच आराम पडतो.

मांजर तोंड उघडून धापा टाकू लागली, हिरड्या निळसर दिसल्या किंवा झोपेतही मिनिटाला 30 च्या वर श्वास मोजले, तर सकाळची वाट पाहू नका. रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, तिथे प्राणवायूची सोय आहे का आणि रात्रीची फी किती, हे आजच फोन करून विचारून ठेवा.