सायटिका आणि चिनी सूचिचिकित्सा

कंबरेपासून नितंबामार्गे पायात उतरणारी कळ म्हणजे सायटिका, आयुर्वेदातील गृध्रसी. मणक्यांमधील गादी सरकून नसेच्या मुळावर दाब आला, की बहुधा ही व्यथा जडते. माहुलमधील ओझी वाहणारे श्रमिक असोत की दिवसभर खुर्चीवर बसणारे आमच्यासारखे कारकून, ती कोणालाही गाठते.

चिनी वैद्यकानुसार शरीरात 'ची' ही प्राणशक्ती ठरावीक मार्गांनी वाहते. प्रवाह अडला की वेदना होते. म्हणून नितंबावर, गुडघ्याच्या मागे व घोट्याजवळ बारीक सुया टोचतात. 'ची' कोणत्याही यंत्रात दिसलेली नाही. परंतु टोचण्यामुळे शरीर स्वतःच वेदनाशामक द्रव्ये सोडते, असे संशोधक सांगतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चीनमधील २२० रुग्णांच्या अभ्यासात, ४ आठवड्यांत १० वेळा खरे उपचार घेतलेल्यांना नकली टोचणीपेक्षा अधिक आराम पडला.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातीलच डॉ. बिजयकुमार बसू यांनी पुढे ही विद्या भारतात आणली. महाराष्ट्राने तिच्यासाठी २०१५ चा कायदा केला. तेव्हा नोंदणीकृत चिकित्सकाकडेच जावे आणि सुई नवी, निर्जंतुक असल्याची खात्री करावी.

मात्र पायातील शक्ती जाऊ लागली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटला, तर सुयांच्या भरवशावर न राहता तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे. अशा वेळी उशीर झाल्यास कायमचे अपंगत्व येऊ शकते, हे प्रत्येक सभासदाने घरच्यांना सांगून ठेवावे.