राखणदार नसलेली खोपी

शास्त्रभाग : यशया 1:8



गेल्या हिवाळ्यात मेळघाटातल्या एका कोरकू आजीच्या परसबागेला आम्ही कुंपण घातले. रताळी, वाल, वांगी, भोपळा, एवढीच बाग. पण चार नातवंडांची भाजी तिच्यावरच चालते. मंडळीतून आलेल्या जुन्या साड्या बांबूच्या खुंटांना चौफेर बांधल्या. हलणाऱ्या कापडाला रानडुकरे बुजतात, असे मी ठासून सांगितले. आजी म्हणाली, "बुजतील रे बाबा, पण किती दिवस?"

बारा दिवस बुजली. तेराव्या रात्री साड्यांखालून आत शिरली. सकाळी रताळ्यांचा वाफा नांगरल्यासारखा उकरलेला होता. आजी काही न बोलता अर्धवट खाल्लेली रताळी वेचत बसली. माझी मान खाली गेली.

मग मी सांगणे थांबवून विचारू लागलो. आजीने समजावले : डुक्कर रात्री येते, वासावर येते आणि जमिनीतले उकरते, म्हणून रताळी घराच्या भिंतीलगत लावावीत. वानरे दिवसा येतात, त्यांना कुंपण अडवत नाही. तिथे माणूसच हवा. कडेने करडईच्या दाट, काटेरी ओळी आणि एरंड लावावा. बुजगावण्याची जागा सतत बदलावी. तारेत विजेचा प्रवाह मात्र कधीही सोडू नये. त्याने जनावर मरते, तसे अंधारात वाट चुकलेले माणूसही मरते. शिवाय तो गुन्हा आहे. नुकसान झाले तर लगेच वनरक्षकाला कळवून पंचनामा मागावा.

आणि सर्वांत मोठा उपाय म्हणजे जागल.

यशया संदेष्टा उजाड सियोनेला काकडीच्या मळ्यातल्या खोपीची उपमा देतो. ती खोपी राखणदारासाठी असते. हंगाम सरला, राखणदार निघून गेला की उरतो तो नुसता सांगाडा. हे वचन मी अनेकदा वाचले होते. त्या वाफ्याजवळ उभा राहिल्यावर मला ते कळले. मी आजीला खोपी दिली होती, राखणदार दिला नव्हता.

पुढे शेजारच्या चार घरांनी मिळून मचाण बांधले आणि पाळीपाळीने जागल सुरू केली. एक रात्र मीही बसलो. थंडी, शेकोटी, रिकाम्या डब्याचा आवाज आणि पहाटेपर्यंत गप्पा. वाल वानरांनी बराच खाल्ला. पण दुसऱ्यांदा लावलेली रताळी घरात आली. त्यातली दोन आजीने माझ्या पिशवीत घातली.

तुमच्या साड्या वाया गेल्या नाहीत. आता त्या मचाणावर पांघरूण म्हणून उपयोगी पडतात.

मननासाठी :
1. आपण मदत म्हणून वस्तू देऊन कुठे थांबलो आहोत?
2. सल्ला देण्याआधी आपण कोणाचे ऐकायला हवे होते?
3. या महिन्यात कोणासोबत एक रात्र जागता येईल?