कोरड्यास काय होतं?

रोज रात्री साडेनऊच्या सुमारास आईचा फोन यायचा. पहिला प्रश्न, "जेवलीस का?" दुसरा, "कोरड्यास काय होतं?" आमच्या अंबाजोगाई तालुक्यात भाकरीबरोबर जे काही खायचं, वरण, भाजी, पिठलं, त्या सगळ्याला कोरड्यास म्हणतात. सदाशिव पेठेतल्या कॉटवर बसून मी दीड वर्ष तिला रोज वेगळी भाजी सांगितली. कधी वांगं, कधी शेपू, कधी मेथी. त्यातल्या कितीतरी रात्री मी चहात बिस्किटं बुडवून खाल्ली होती.

जून २०१७ मध्ये मी एमपीएससीच्या तयारीसाठी पुण्याला आले. मेस लावली. पोळी, पातळ भाजी, भात, आमटी. अन्न वाईट नव्हतं, पण लहानपणापासून दोन्ही वेळा ज्वारीची भाकर खाल्लेली मी. पोळीचा घास तोंडात नुसता फिरायचा. पोट भरायचं आणि तासाभरात पुन्हा रिकामं वाटायचं. २०१८ ला आमच्याकडं पावसानं दगा दिला, कापूस हाती लागला नाही, तेव्हा मी मेस एकाच वेळेची केली. घरी सांगितलं नाही. पुण्यात शिकणारी मराठवाड्यातली कितीतरी मुलं त्या वर्षी असंच करत होती. पैसे वाचवायचे म्हणजे आधी स्वतःच्या ताटातून वाचवायचे, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

आई एसटीतून डबा पाठवायची: धपाटे, शेंगदाण्याची चटणी, काळं तिखट. एकदा खोलीतल्या मुलीला तिखटाचा ठसका लागला, ती सहज काही बोलली, आणि मी तो डबा कपाटात कपड्यांच्या मागे ठेवून दिला. पावसाळी ओल, वर झाकण घट्ट. आठवड्यानं उघडला तर चटणीवर बुरशी. आईच्या हातचं टाकवेना, म्हणून वरचा थर काढून खालची खाल्ली. दोन दिवस उलट्या झाल्या. शेंगदाण्याला बुरशी लागली की त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं. ते वरचा थर खरवडून जात नाही, भाजूनही पुरतं जात नाही. माया असली तरी ती चटणी फेकायचीच. घरच्यांनाही लहान लहान डब्यांत, कोरड्या चमच्यानं भरून पाठवायला सांगा.

डिसेंबर २०१८ मध्ये मी अभ्यासिकेत चक्कर येऊन पडले. हिमोग्लोबिन ८.१ निघालं; बाईचं निदान १२ तरी हवं. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि एकच गोष्ट खोदून विचारली, जेवणावर लगेच चहा पितेस का? मी तर जेवणाऐवजीच पीत होते. चहा अन्नातलं लोह पुरतं अंगी लागू देत नाही. तो जेवणानंतर तासभर तरी टाळायचा, आणि जेवताना लिंबू पिळायचं. एक गोष्ट स्पष्ट सांगते: माझं रक्त वाढलं ते गोळ्यांनी. पुढं भाकरीनं भूक परत आणली, पण औषधाचं काम भाकरीनं केलं नाही. थकवा, धाप, चक्कर असेल तर आधी रक्त तपासा.

अंथरुणावर पडल्या पडल्या मला चुलतीची आठवण यायची. चुलता-चुलती दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. ट्रॅक्टरवर आधी चढतात ती ज्वारी-बाजरीची पोती, तवा, परात, तिखटाचा डबा. फडावर पोहोचलं की कोपी, म्हणजे झोपडी, उभी राहायच्या आत तीन दगडांची चूल पेटते. पहाटे तीनला उठून चुलती भाकरी थापते आणि मग कोयता हातात घेते. त्या बायकांच्या वाट्याला पुरेसं येतं असं मुळीच नाही, उलट सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत कमी येतं. पण परक्या मुलखात आधी चूल मांडायची, हे त्यांना ठाऊक आहे. आमच्या जिल्ह्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या गाव सोडून जगत आली, आणि मी मात्र बॅगभर पुस्तकं घेऊन आले होते.

जानेवारी २०१९ मध्ये येळवस, म्हणजे वेळ अमावस्या आली. आमच्याकडं त्या दिवशी अख्खं गाव शेतात जेवतं. गल्लीतल्या पोळी-भाजी केंद्रासमोरून जाताना ओळखीचा वास आला आणि पाय थांबले. केंद्र चालवणाऱ्या मावशी निघाल्या आमच्याकडच्याच, रेणापूरच्या. त्यांनी घरापुरती भज्जी केली होती: हिरवे तुरीचे दाणे, हरभरा, वाटाणा, पालेभाज्या, वरून बेसन. बाजरीचा उंडा आणि वाडगाभर आंबील त्यांनी माझ्यापुढं ठेवलं. नाव, गाव नंतर विचारलं. दोन वाढी खाल्ल्यावर मला रडू आलं, आणि त्यांनी ते न पाहिल्यासारखं केलं.

पुढं त्यांच्याकडंच शिकले. दुकानातल्या पिठाची माझी भाकर परातीतच चिरायची. "पोरी, पाणी आधणाचं घे की," त्या म्हणाल्या. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा धरणारं ग्लुटेन नसतं, म्हणून उकळतं पाणी लागतं; त्यानं पिठातला स्टार्च फुलतो आणि गोळा धरून राहतो. पाणी ओतून पाच मिनिटं झाकायचं, सोसवेल तितक्या गरम पिठाला तळहाताच्या टाचेनं रगडायचं. थापलेली भाकर तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, तिच्यावर पाण्याचा हात, आणि ते पाणी सुकायच्या आत उलटायची. इंडक्शन असेल तर फडक्यानं कडा दाबत गेलं की फुगते. पीठ पंधरा दिवसांपुरतंच गिरणीतून आणायचं, जुन्या पिठाची भाकर मोडते. वसतिगृहात शिजवू देत नसतील तर केंद्रावरून नुसत्या दोन भाकरी आणाव्यात. दही, चटणी, गूळ, शेंगदाणे खोलीत ठेवता येतात. आणि डबा लपवू नका. मी तो खोलीच्या मधोमध उघडायला लागले तेव्हा ठसका लागलेली मुलगीच पहिल्यांदा हात पुढं करून आली.

त्या येळवशीच्या रात्री आईचा फोन आला. कोरड्यास काय होतं? मी म्हणाले, भज्जी. कुणी दिली, कशी होती, आंबील आंबट होती का, सगळं सांगितलं. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आज खरं सांगितलंस. काल काय होतं?"

मी तेही खरं सांगितलं. चार दिवसांनी एसटीतून अर्धं पोतं ज्वारी आली, आणि तिच्यावर सुतळीनं बांधलेली आईची परात.