छायाचित्र कसें वाचावें?

आम्हीं वर्गांत शनिवारवाड्याचें जुनें छायाचित्र दाखविलें, तेव्हां एका विद्यार्थ्यानें विचारलें, “आंतील महाल कोठें आहेत?” प्रश्न योग्य होता. थोरल्या बाजीरावांनीं १७३० सालीं वाड्याचा पाया घातला. १७३२ सालीं वास्तुशांत झाली व पुणें पेशव्यांची राजधानी म्हणून वाढूं लागलें. पुढें १८२८ सालच्या आगींत आंतील इमारती जळाल्या. छायाचित्रणकला तर १८३९ सालीं जगापुढें आली. म्हणून चित्रांत दरवाजे व तटच काय ते दिसतात.

जुन्या चित्रांत रस्ता ओस दिसला, तरी शहर ओस होतें असें मानूं नये. त्या काळीं भिंग बराच वेळ उघडें ठेवावें लागे. त्यामुळें चालणारीं माणसें उमटतच नसत.

मुलांनो, चित्राचें साल प्रथम विचारा. मग त्यांत काय नाहीं, तें विचारा. उरलेलें पेशवे दफ्तराच्या कागदांत शोधावें.